पावसाळ्यानंतरही पाचोळा अर्धवटच कुजला आहे, वाफ्यात मिसळावा का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
नमस्कार. घरामागे अर्धा गुंठा जागा असून तिथे आंबा, फणस आणि देशी बदाम आहेत. शिशिरात गोळा केलेला पाचोळा कोपऱ्यात रचून ठेवला होता. आता उकरून पाहिले, तर वरचा थर काळा झाला आहे, पण आतली पाने एकमेकांना चिकटलेली, अख्खी आणि कोरडी आहेत. दसऱ्यानंतर पालक आणि लसूण लावायचा आहे. हा पाचोळा मातीत मिसळता येईल का? ढिगात पांढऱ्या, वाकड्या अळ्याही आहेत, त्या पिकांची मुळे खाणाऱ्या हुमणी किडीच्या असतील का?

उत्तर (फुलेवाडी)
वरचा काळा, भुसभुशीत भाग चाळून खुशाल वापरावा. आतला भाग मात्र मातीत मिसळू नये, कारण अर्धवट कुजलेली पाने कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पालक पिवळा पडतो. आंबा-फणसाची पाने जाड आणि चिवट असतात, त्यामुळे ती थरावर थर बसली की कौलांवरून ओघळावे तसे पाणी वरच्यावर निघून जाते व गाभा कोरडाच राहतो. ढीग पूर्ण मोडून पाने कोयत्याने तोडावीत, प्रत्येक वीतभर थरावर ताज्या शेणाची पातळ स्लरी शिंपडावी आणि ढीग निदान तीन फूट उंच रचावा, म्हणजे आत ऊब धरते. मूठभर घेऊन दाबल्यावर एक-दोन थेंबच निघावेत, इतकाच ओलावा हवा. ऑक्टोबरच्या उन्हात वर गोणपाट टाकणे गरजेचे आहे. आपल्याकडची मोठी पानगळ जानेवारीनंतरची, तेव्हा तिच्यासाठी शेजारी दुसरा कप्पा आत्ताच करून ठेवावा.

उत्तर (कागल)
अळी सपाट जागेवर ठेवून पाहावी. पाठीवर सरपटत गेली, तर ती बहुधा कुजका पाला खाणारी असते आणि खताला उपयोगीच असते. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या सरींनंतर बाहेर पडून रात्री बाभूळ-कडुनिंबावर जमतात, आणि तिच्या अळ्या उसाच्या मुळांवर जगतात, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. शंका असेल, तर खत पसरून कोंबड्यांना उकरू द्यावे. माझ्या मते याहून चांगले औषध नाही.

उत्तर (कसबा बावडा)
वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. तो कोरडा पाचोळा सगळाच ढिगात घालायची गरज नाही, थोडा लसणाच्या ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरावा. पृष्ठभागावर राहिल्याने तो नत्राची ओढ फारशी लावत नाही, शिवाय ओल टिकते आणि तण कमी येते. इथली काळी माती ओली असताना मात्र खणू नये. वाफसा आल्यावरच, म्हणजे जादा ओल ओसरून माती मोकळी झाल्यावरच, कुदळ लावावी, नाहीतर ढेकळे पुढे फुटत नाहीत. गुलाब असतील, तर त्यांची छाटणीही याच महिन्यात उरकावी आणि चाळलेले खत आधी त्यांच्या आळ्यात द्यावे.