घरचे गाडीत हवेतच, पण कामाला

लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत स्वाराच्या मदतीला जी सपोर्ट गाडी सोबत असते, तिच्यात घरचे लोक नकोत, ते हळवे होतात आणि स्वाराला थांबवतात, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. पुणे ते गोवा ६४३ किमीच्या डेक्कन क्लिफहँगर या सायकल शर्यतीला धाकटा भाऊ एकट्याने उतरला, तेव्हा गाडीत मी, वहिनी आणि त्याचे दोन मित्र होतो. हळवेपणा सोडा, वेळच नव्हता! रात्री गाडी त्याच्या मागेच, हेडलाइटच्या उजेडात तो, त्यामुळे चालवणाऱ्याला डोळा मिटायची सोय नाही. म्हणून दोघं आळीपाळीने झोपायचे.

या चर्चेत सहसा राहून जाते ती गोष्ट म्हणजे वही. किती वाजता किती पाणी, काय खाल्लं, लघवीला कधी थांबला, सगळं वहिनी टिपायची. कोल्हापूर मागे पडल्यावर तो "पोट भरलंय" म्हणत होता. वहीत मात्र दोन तासांत फक्त अर्धं केळं! वहिनीने खिडकीतून मीठ लावलेला उकडलेला बटाटा पुढे केला आणि एवढंच म्हणाली, "चावू नकोस, नुसता तोंडात धर." त्याने धरला. वीस मिनिटांनी दुसरा स्वतःहून मागितला. कुठल्या क्षणी त्याचं "नको" खरं नसतं, हे तिच्याइतकं आम्हा कुणालाच कळलं नसतं.