लैंगिक अत्याचारविरोधी संस्थेने वर्णद्वेषविरोधाचा ठराव करावा का?

सोनटक्का:
अमेरिकेत बलात्कारपीडितांसाठीच्या एका हेल्पलाइनवर मी सहा वर्षं स्वयंसेवक आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. सध्या आमच्याकडे एका ठरावावरून दोन तट पडलेत. वर्णद्वेषाला विरोध हा आपल्या कामाचाच भाग आहे आणि भरतीत, प्रशिक्षणात, पैशांच्या वाटपात तो दिसला पाहिजे, असा हा ठराव. निम्मे लोक म्हणतात, आपलं काम लैंगिक अत्याचाराचं, त्यात हे कशाला? (भारतातल्या जातीचा प्रश्न मोठा आहे, त्याला वेगळा धागा हवा. इथे अमेरिकेपुरतंच बोलू.)

मी ठरावाच्या बाजूची. १९४४ साली अलाबामातल्या अ‍ॅबव्हिल गावी रेसी टेलर ही २४ वर्षांची कृष्णवर्णीय बाई चर्चमधून घरी चालली होती. गोऱ्या तरुणांनी बंदुकीच्या धाकाने तिला गाडीत घालून नेलं. सहा जणांनी बलात्कार केला. त्यांच्यातल्या एकाने सगळ्यांची नावं सांगितली, तरी ग्रँड ज्युरीने (खटला चालवायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) दोनदा खटला उभाच राहू दिला नाही. दोन्ही वेळा ज्युरीत सगळे गोरे पुरुष. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने चौकशीसाठी ज्या कार्यकर्तीला पाठवलं ती रोझा पार्क्स. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला त्यांनी नकार दिला, ती प्रसिद्ध घटना याच्या अकरा वर्षांनंतरची. विधिमंडळाने माफी मागितली २०११ मध्ये. तोवर रेसीबाईंनी नव्वदी ओलांडली होती.

आमच्यासारखी केंद्रं १९७०च्या दशकात निघाली. त्याच्या कितीतरी आधी या बायका बोलत होत्या. त्यांचं ऐकलं गेलं नाही ते कातडीमुळे. हे मान्य केल्याशिवाय फोन उचलून ‘आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतो’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

हिशेबवही:
ताई, इतिहासाबद्दल दुमत नाही. मी अशाच एका संस्थेचे हिशेब बघतो, म्हणून लिहितो. रात्री दोनला फोन करणाऱ्या बाईला पलीकडे माणूस हवा असतो. ठरावाच्या बैठकांत आमचे चार महिने गेले आणि त्या काळात दोन पाळ्या रिकाम्या राहिल्या. शिवाय राजकीय भूमिका घेतली की वेगळ्या मताची बाई फोन करायला कचरेल. अत्याचार तिच्यावरही होतोच ना?

आडवाट:
मला वेगळीच अडचण दिसते. ‘प्रत्येक तक्रारदारावर विश्वास ठेवा’ आणि ‘वर्णद्वेषाला विरोध’ या दोन गोष्टी एकत्र नांदतात कशा? अलाबामातलं स्कॉट्सबरो प्रकरण, १९३१. दोन गोऱ्या मुलींच्या आरोपावरून नऊ कृष्णवर्णीय पोरं पकडली, त्यांतल्या आठ जणांना मृत्युदंड सुनावला. दोन वर्षांनी एका मुलीने कोर्टात सांगितलं, असं काही घडलंच नव्हतं. १९५५ साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला एका गोऱ्या बाईशी गैर वागल्याच्या आरोपावरून ठार मारलं. तेव्हाही बाईच्या शब्दावर विश्वासच ठेवला गेला होता. याचं उत्तर ठरावात आहे का?

सोनटक्का:
आडवाट, तुमचा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. १९३० नंतर अमेरिकेत बलात्काराच्या गुन्ह्यासाठी ४५५ पुरुषांना देहदंड दिला गेला, त्यांतले ४०५ कृष्णवर्णीय होते. प्रौढ स्त्रीवरच्या बलात्कारासाठीचा देहदंड सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. बाईच्या शब्दावरच विश्वास असता, तर रेसीबाईंच्या शब्दावरही बसला असता. तिथे बाईची बाजू कुणी घेतच नव्हतं. गोरेपणाची राखण चालली होती, त्यासाठी एकीचा आरोप वापरला आणि दुसरीचा दाबला. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९२ मध्येच हे लिहिलं, आणि त्या वर्षी मेम्फिसमध्ये त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी जमावाने उद्ध्वस्त केली.

हेल्पलाइनवर आम्ही कुणाला दोषी ठरवत नाही. बोलणाऱ्या बाईला आधार देतो. आरोप सिद्ध करणं कोर्टाचं काम, आणि ते कोर्ट रंग बघून चालू नये यासाठी भांडणं आमचं. मला दोन्हींत विरोध दिसत नाही.

काजवा:
मी अत्याचारातून गेले आहे, म्हणून हे लिहायला जड जातंय. मला पोलीस हवे होते. त्या माणसाला तुरुंगात बघायचं होतं. मदतीला आलेल्या कार्यकर्तीने पोलीस आणि वर्णद्वेष यांबद्दल इतकं सांगितलं, की तक्रार करणं म्हणजे मीच काहीतरी वाईट करतेय असं मला वाटायला लागलं. करणारा कृष्णवर्णीय होता. मीही कृष्णवर्णीयच आहे. मराठी माझ्या आईची. तुमच्या ठरावात माझ्यासारखीला जागा आहे का?

सोनटक्का:
काजवा, तुमच्यावर अन्याय झाला, आणि तो आमच्या बाजूच्या माणसाकडून झाला. तक्रार करायची की नाही हा निर्णय फक्त तुमचा होता. ठरावात हे वाक्य नाही. उद्याच्या बैठकीत ते घालायला लावते.

रात्रपाळी:
मी बलात्कारानंतरची वैद्यकीय तपासणी करणारी परिचारिका. गोऱ्या कातडीवरचा ताजा वण साध्या दिव्यात दिसतो, गडद कातडीवरचा सहज दिसत नाही. मग अहवालात ‘इजा आढळली नाही’ असं जातं आणि कोर्टात तेच वाक्य तिच्या विरोधात वाचलं जातं. वेगळ्या तरंगलांबीचा दिवा वापरला तर बरेच वण दिसतात. दिवा आणि तो वापरायचं शिक्षण, दोन्हीला पैसे लागतात.

आणि कायदाही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८च्या निकालामुळे नेटिव्ह अमेरिकन (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या) जमातींच्या न्यायालयांना नेटिव्ह अमेरिकन नसलेल्या माणसावर खटला चालवता येत नव्हता. २०१३ मध्ये घरगुती हिंसेपुरती वाट मिळाली, लैंगिक अत्याचारासाठी थेट २०२२ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं. हिशेबवही, या बायकांच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराचं काम कुठे संपतं आणि वर्णद्वेषाचं कुठे सुरू होतं, मला दाखवता येणार नाही.

हिशेबवही:
दिव्याचं मला माहीत नव्हतं. निवेदनांना माझा विरोध कायम आहे. रिकाम्या पाळ्यांचा राग अजून गेलेला नाही. पण दिव्याची किंमत आणि प्रशिक्षणाचा खर्च कळवा. त्या खर्चाच्या मंजुरीला मी हात वर करेन, आणि काजवा यांच्या वाक्यालाही.