घाट चढताना गाडी मिसिंग करते

प्रश्न: पेट्रोल गाडी, चार सिलिंडर. पावसात आंबा घाट चढताना झटके देते, चेक इंजिन लाइट लुकलुकतो. स्कॅनरवर पी0302. घरी काय बघू?

उत्तर: पी0302 म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. इंजिन थंड झाल्यावर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची त्यावर बसवा, कोड पुसा. आता पी0303 आला तर कॉइलच गेली. आणि लाइट लुकलुकताना गाडी दामटू नका हो! न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर साफ करणाऱ्या भागाची) वाट लावतं.

उत्तर: प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारा. पाणी असेल तर हवा मारून सुकवा, मगच प्लग खोला.

प्रश्नकर्ता: कोड दुसऱ्यावरच राहिला. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी बारीक काळी रेघ होती. नवा प्लग टाकला, मिसिंग गेलं!

उत्तर: कॉइलचं रबरी बूटही (प्लगवर बसणारी टोपी) बदला. त्या रेघेवरून ठिणगी बाहेर निसटते; बुटाच्या आत तशीच रेघ असेल तर नवा प्लगही जाईल.