चर्चा : वडिलांच्या पश्चात आईने राहते घर मुलांच्या नावावर करावे का? (इंग्लंड)

मूळ मत

इंग्लंडमध्ये वडिलांच्या निधनानंतर आईने राहते घर हयातीतच मुलांच्या नावावर करून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वारसा कराचा दर ४० टक्के आहे आणि करमुक्त मर्यादा २००९ पासून ३,२५,००० पौंडांवरच अडकून पडली आहे. घरांच्या किमती मात्र कुठच्या कुठे गेल्या. उद्या आईला केअर होममध्ये (वृद्धांच्या देखभालीच्या निवासात) राहावे लागले, तर २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असणाऱ्याला कौन्सिल, म्हणजे स्थानिक प्रशासन, मदतीस पात्र धरत नाही. पोटाला चिमटा घेऊन हप्ते फेडणाऱ्याने दोन्हीकडून नागवले जावे आणि उधळ्याचा खर्च कौन्सिलने उचलावा, हा कुठला न्याय? भेट दिल्यावर आई सात वर्षे हयात राहिली की भेट वारसा करातून सुटते, प्रश्न मिटला.

प्रतिसाद १

असहमत. सात वर्षांचा नियम वारसा कराचा आहे. केअरच्या खर्चाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मालमत्ता जाणूनबुजून कमी केली का, हे तपासताना कौन्सिलला कालमर्यादेचे बंधन नसते. घर देताना केअरची गरज पडेल अशी चिन्हे होती का आणि तो खर्च चुकवणे हा मोठा हेतू होता का, एवढे पाहून ती घराची किंमत आजही आईच्याच खात्यात धरू शकते, आणि २०१४ च्या केअर कायद्यानुसार प्रसंगी घर घेणाऱ्या मुलाकडूनही वसुली करू शकते.

कराच्या बाजूनेही हा डाव फसतो. घर देऊन आई बाजारभावाने भाडे न भरता तिथेच राहिली, तर सात काय, सतरा वर्षे उलटली तरी ते घर करासाठी तिचेच मानले जाते.

शिवाय मुळात कर लागतो का, हे आधी पाहावे. वडिलांनी सर्व काही आईच्या नावे ठेवले असेल, तर त्यांची न वापरलेली मर्यादा तिच्या मर्यादेत मिळवता येते. घर मुलांना जाणार असल्यास आई-वडिलांची प्रत्येकी १,७५,००० पौंडांची वाढीव सूटही धरता येते. म्हणजे दोघांची मिळून १० लाख पौंडांपर्यंत. घर सहा लाखांचे आणि ठेवी दीड लाखाच्या असतील, तर कर शून्य. तो वाचवण्यासाठी घर दिल्यास, मुलगा तिथे राहत नसला तर पुढे विकताना त्याच्यावर भांडवली नफ्याचा कर बसण्याची शक्यता आहे, आणि त्याचा घटस्फोट झाला तर आईच्या डोक्यावरचे छप्परच वाटणीत येऊ शकते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. एप्रिल २०२७ पासून न वापरलेला पेन्शन निधीही वारसा करात मोजला जाणार आहे, तेव्हा लंडनच्या आसपास घर असणाऱ्यांना १० लाखांची रेषा फार दूरची नाही. केअरच्या खर्चावर ८६,००० पौंडांची मर्यादा घालण्याचे आश्वासन होते, तेही जुलै २०२४ मध्ये बासनात गेले. सरकार शब्द फिरवते, मग मालमत्ता राखण्याची धडपड करणाऱ्यालाच दोष का?

प्रतिसाद २

दोष कोणी देत नाही, पण या सगळ्या चर्चेत आईला काय हवे हे कोणी विचारलेलेच नाही. हातात पैसा असेल तर मुलांच्या घराजवळचे, आपल्या पसंतीचे केअर होम निवडता येते. कौन्सिलवर भिस्त असेल तर कौन्सिलनेच ठरवलेल्या रकमेच्या चौकटीत पर्याय शोधावे लागतात. स्वतः पैसे भरणारे सरासरी ४१ टक्के अधिक मोजतात, असे स्पर्धा व बाजार प्राधिकरणाला २०१७ मध्ये आढळले होते. तो अन्यायच आहे, पण त्यावरचा उपाय आईला कागदोपत्री निर्धन करणे हा नव्हे.

घर लगेच विकावे लागते, हाही गैरसमज दिसतो. आई घरीच राहून मदत घेत असेल तर घराची किंमत मोजलीच जात नाही, आणि साठी ओलांडलेला नातेवाईक तिच्यासोबत राहत असेल तर ती केअर होममध्ये गेल्यावरही ते वगळले जाते. एरवीही कायम मुक्कामाचे पहिले १२ आठवडे घर हिशेबात येत नाही. त्यानंतर पात्र असल्यास कौन्सिल घरावर बोजा चढवून खर्च भागवते आणि घर विकले गेल्यावर किंवा आईच्या पश्चात तो व्याजासह वसूल करते.

प्रतिसाद ३

प्रतिसाद १ शी सहमत. भर एवढीच की आजार गंभीर असेल, तर आधी एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) कंटिन्यूइंग हेल्थकेअर योजनेसाठी मूल्यमापन मागावे, कारण ते मंजूर झाल्यास घर आणि ठेवी कितीही असल्या तरी केअरचा खर्च एनएचएस उचलते. अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे वृद्धांना देखभालीसाठीचा सरकारी भत्ता, हाही मालमत्ता न पाहता मिळतो. आणि आईचे भान शाबूत आहे तोवरच मुखत्यारपत्र करून घ्यावे. नंतर कोर्टाच्या फेऱ्या अटळ.