मदत हवी आहे: निकॉन झेड ६ घेऊ की झेड ७?

नमस्कार मंडळी. सेकंडहँड झेड ६ किंवा झेड ७ कॅमेरा घ्यायचाय, दोन्ही २०१८चे. सेन्सरचा आकार एकच, फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा). पण झेड ६ला २४.५ मेगापिक्सेल, झेड ७ला ४५.७. माझं निम्मं काम देवळातल्या रात्रीच्या कीर्तनाचं. समईच्या उजेडात, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० ला, बुवांच्या फेट्याखालची सावली माझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यात पार डागाळते, आणि मला नेमका तोच चेहरा हवा असतो. उरलेलं काम सह्याद्रीतल्या पहाटेचं. तिथे झेड ७चा मूळ (म्हणजे सर्वात स्वच्छ फोटो देणारा) आयएसओ ६४ फार मोहात पाडतो, शिवाय त्याला लो-पास फिल्टरही (सेन्सरपुढची, बारीक तपशील किंचित मऊ करणारी काच) नाही.

झेड ७चा फोटो २४ मेगापिक्सेलपर्यंत लहान केला तर नॉइज (फोटोतले दाणे, डाग) झेड ६इतकाच दिसतो का? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा. आयएसओ ६४००ची एखादी रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळाली तर फार बरं होईल.