आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेज वाढवू का?

नागपूरकर: आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, आफ्टरबर्नर (कार्डाचा वेग-व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर) वापरतोय. कोअर व्होल्टेजची पट्टी हलतच नाही. ती उघडली तर क्लॉक (कार्डाचा वेग) वाढेल ना?

खटपट्या: सेटिंग्जमध्ये 'अनलॉक व्होल्टेज कंट्रोल'वर टिक करा, हलेल. पण हे कार्ड आधी साधारण १७० वॅटच्या वीजमर्यादेलाच अडतं, म्हणून क्लॉक फारसा वाढणार नाही. मनापासून सांगतो, उलट व्होल्टेज उतरवा. कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडा, ९०० मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झला न्या, उजवीकडचे सगळे त्याच्या खाली ओढा, मग अप्लाय. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, म्हणून थोडं उतरवलं तरी वॅट बरेच घटतात. तुमच्याकडच्या मे महिन्यात तर हे कराच!

सई_पी: गेम मध्येच बंद पडला तर १५ मेगाहर्ट्झ खाली या. विंडोजबरोबर आपोआप लागू करणं मात्र भरपूर खेळून पाहिल्यावरच.

नागपूरकर: आज रात्रीच बसतो. आभार दोघांचे.