एपिक्युरसच्या शाळेचं आज नक्की काय उरलंय?

मलप्रभाकाठ (खानापूर)
नमस्कार मंडळी, बी.ए.ला फिलॉसॉफी घेतलंय, कॉलेजात ग्रीक लोकांवर सेमिनार आहे, विषय "आजवर टिकलेला वारसा" आणि माझ्या वाट्याला एपिक्युरस आलाय. प्लेटोवाल्यांची चंगळ आहे, मटेरियलच मटेरियल. माझ्या नोट्समध्ये चार ओळी, सुख हेच ध्येय, खा प्या मजा करा, संपलं. वर्गात सगळे चेष्टा करूलेत की तुला काय, सगळ्यांना कुंदा वाट आणि खाली बस. खरंच इतकंच होतं का ह्यांचं? कुणी वाचलं असेल तर सांगा की, कन्नडमधलं पुस्तक सुचवलं तरी चालतंय.

शहापूरचा मास्तर
खा प्या मजा करा हे विरोधकांनी चिकटवलेलं लेबल आहे ओ. हा माणूस भाकरी-पाण्यावर राहणारा, एका मित्राला लिहितोय की मला चीजचं एक लहान मडकं पाठव म्हणजे मनात आलं की मेजवानी करता येईल. हीच त्याची चैन! त्याचं सुख म्हणजे अंगाला दुखणं नको आणि डोक्याला घोर नको, बास. जन्म इ.स.पू. ३४१, सामोस बेटावर. इ.स.पू. ३०६ च्या आसपास अथेन्समध्ये बाग घेऊन तिथं शाळा काढली आणि तिथं बायका आणि गुलामसुद्धा यायचे. त्या काळात हे म्हणजे केवढं! पुढं बसवण्णांचा अनुभव मंटप झाला १२ व्या शतकात, तिथं अक्कमहादेवी बसून वाद घालायची, ती गोष्ट आपल्याकडं पोराठोरांना माहीत आहे, ती सांगून ह्या बागेकडं वळलास तर वर्ग ऐकेल. (दोघांचा एकमेकांशी संबंध होता असं मात्र सांगू नको, एक बाजू शिवभक्तांची आणि दुसरी म्हणते देवाला आपलं काही पडलेलं नाही.)
आणि आपल्या चार्वाकाचं बघ. कर्ज काढून तूप प्या एवढंच लोकांना पाठ, आणि त्यांचं मत कळतं ते बहुतेक खंडन करणाऱ्यांच्याच लिहिण्यातून, विजयनगरच्या काळातल्या माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह त्यात मुख्य. एपिक्युरसचं नशीब जरा बरं, ढीगभर लिहिलं त्यातली तीन पत्रं आणि काही वचनं राहिली.

निपाणीकर७
मास्तर, अणू विसरला की ओ! जग म्हणजे अणू आणि पोकळी, वीज पडते ती देव रागावला म्हणून नाही, हे त्यांचं म्हणणं. मूळ कल्पना आधीच्या ग्रीक विचारवंताची, डेमोक्रिटसची, पण टिकवली ह्यांनी. लुक्रेशियस म्हणून रोमन कवी, त्यानं हे सगळं तत्त्वज्ञान कवितेत घातलं, मग कित्येक शतकं ते काव्य कोण विचारत नव्हतं आणि १४१७ मध्ये पोज्जो नावाच्या माणसाला एका मठात त्याची प्रत सापडली. तिथनं नकला झाल्या, छापखाने आले, १७ व्या शतकात गसेंडी नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं (पाद्र्यानं बरं का) अणू परत उभे केले आणि ते बॉईल, न्यूटनपर्यंत पोचलं. कार्ल मार्क्सची १८४१ ची डॉक्टरेटपण डेमोक्रिटस आणि एपिक्युरसवरच. वारसा वारसा म्हणतात तो अजून काय असतोय?

कॅम्पातली वाचक
अणूचं जरा जपून सांग रे बाबा. डाल्टननं अणू मांडला तो वजनं मोजून, कविता वाचून नव्हे, आणि एपिक्युरसला तर प्रयोगाचं फारसं पडलेलंच नव्हतं, भीती गेली म्हणजे झालं. मला विचारशील तर खरा वारसा मरणाबद्दलचा आहे. आपण असतो तेव्हा मरण नसतं, मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कोणी आणि कशाला? अजून फिलॉसॉफीत ह्यावर भांडणं चालतात, थॉमस नेगलनं १९७० ला उलट बाजू मांडली की मरणानं जे हिरावलं जातं तेच नुकसान, ते जाणवायला माणूस शिल्लक पाहिजे असं नाही.
पण एक सांगते, मी दवाखान्यात नोकरी करते. त्याचं दुसरं वाक्य आहे की जोराचं दुखणं थोडा वेळ टिकतं आणि लांबणारं दुखणं सोसण्यासारखं असतं. हे मला अजिबात पटत नाही, कॅन्सरचे पेशंट बघितलेला कुणी असं म्हणणार नाही. तरी त्याला बोलायचा हक्क होता म्हणावं लागेल, स्वतः मुतखड्यानं बेजार होऊन इ.स.पू. २७० मध्ये गेला आणि शेवटच्या पत्रात लिहितोय की दुखणं भयंकर आहे पण मित्रांशी झालेल्या गप्पा आठवून मन आनंदात आहे.

सीमावासी
सगळं ठीक आहे पण हा माणूस म्हणतो राजकारणात पडू नका, कुणाच्या डोळ्यावर न येता जगा. आमच्याकडं हे कोण ऐकणार? १ नोव्हेंबर आला की १९५६ पासनं काळा दिन, अर्धा गाव रस्त्यावर. सिसेरो म्हणून रोमन वक्ता, त्यानं तेव्हाच सुनावलं होतं की असली माणसं देशाच्या काय उपयोगाची. मला पण तसंच वाटतंय, बागेत बसून सुखी राहायला बाहेर कुणीतरी राबायला लागतंय की न्हाई?

शहापूरचा मास्तर
सीमावासी, मुद्दा तगडा आहे, पण सीझरला मारणाऱ्यांतला कॅशियस एपिक्युरसच्याच मताचा होता. आता बोला! सगळे काही बागेत बसले नाहीत.

निपाणीकर७
आणि हेपण घाल, पोरं जागी होतील. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा हर्क्युलेनियममधल्या एका बंगल्यातली लायब्ररी गाडली गेली, आणि तिथनं निघालेल्या गुंडाळ्यांत ह्याच शाळेच्या फिलोडेमसचं भरपूर लिखाण आहे. कोळसा झालेल्या गुंडाळ्या, उघडायला गेलं की चुरा. आता न उघडताच एक्स-रे स्कॅन करून एआयनं अक्षरं काढतात, २०२४ ला बक्षीस मिळालेल्या मजकुरात विषय काय तर सुख, संगीत आणि जेवण. म्हणजे ह्या शाळेचं नवीन लिखाण अजून बाहेर यायलंय.

मलप्रभाकाठ (खानापूर)
लई भारी, धन्यवाद सगळ्यांना. वेळ कमी आहे, तीनातलं एकच पत्र वाचायचं तर कुठलं?

कॅम्पातली वाचक
मेनोइकेयसला लिहिलेलं. थोडक्यात आहे, मरणाचं आणि सुखाचं दोन्ही त्यातच येतंय. हेरोडोटसला लिहिलेलं अणूंवर आहे, ते सेमिनार झाल्यावर बघ, आत्ता हातात घेतलंस तर अडकशील.